पैठणीची उलटी बाजू

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमातली गोष्ट. पिस्कॅटवेच्या शाळेचं सभागृह नेहमीप्रमाणे भाड्याने घेतलं होतं, पार्किंग लॉटमध्ये नेहमीप्रमाणे जागा नव्हती, आणि चिवड्यात मीठ कमी की जास्त यावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले होते. माझ्या बायकोने त्या दिवशी नवी पैठणी नेसली होती. जांभळी, हिरवे काठ, पदरावर चार मोठे मोर. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून मीच इंटरनेटवरून मागवली होती. वर्णनात 'अस्सल येवला पैठणी' असं लिहिलं होतं आणि किंमतही अस्सल होती.

आपल्या मंडळात एक काकू आहेत. नाव लिहीत नाही, बहुतेकजण ओळखतीलच. त्यांनी "बघू गं पदर" म्हणत पदर हातात घेतला, उलटा केला, पाठीमागून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "रंग छान आहे हो." एवढंच. माझी बायको हुशार आहे. तिने जेवणाच्या रांगेत काकूंना पुन्हा गाठलं आणि खरं काय ते विचारलं. काकू म्हणाल्या, "यंत्रमागावरची आहे गं. तुझ्या नवऱ्याला फसवलं कुणीतरी."

फसलो याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लाज वाटली. कारण मी येवला तालुक्यातला. वडील कांदा पिकवत आणि लासलगावच्या बाजारात नेत. शाळा, दवाखाना, सिनेमा सगळ्यासाठी आम्ही येवल्याला जात असू. एसटी स्टँडवर उतरलं की गल्ल्यांमधून मागाची ठकठक ऐकू यायची. तिच्याकडे पिठाच्या गिरणीच्या आवाजाइतकंसुद्धा माझं लक्ष गेलं नाही. पुढे इंजिनिअरिंग केलं, २००३ साली मास्टर्ससाठी रटगर्सच्या इथल्याच कॅम्पसवर आलो, आणि येवला म्हटलं की लोकांनी "अय्या, पैठणीचं?" म्हणायचं आणि मी मान डोलवायची, एवढाच माझा त्या कलेशी संबंध राहिला.

त्या रात्री घरी आल्यावर काकूंना फोन करून मी त्यांची स्वतःची पैठणी बघायला मागितली. पुढच्या शनिवारी त्यांनी ती मलमलच्या फडक्यातून काढली आणि दोन्ही साड्या टेबलावर उलट्या पसरल्या. आमच्या साडीच्या पाठीमागे मोराच्या पिसाऱ्यातून मोकळे दोरे लोंबत होते, काही ठिकाणी कात्रीने कापल्यासारखी झालर होती. काकूंच्या साडीचा पदर मात्र पाठीमागूनही तसाच. पोपटाची चोच, डोळा, वेलीचं टोक, सगळं जसंच्या तसं. सुलट कुठली आणि उलट कुठली हे मला ओळखता येईना.

याचं कारण विणण्याच्या पद्धतीत आहे. साध्या जरतारी विणकामात रंगीत दोरा नक्षीपुरता वर येतो आणि उरलेला वेळ कापडाच्या पाठीमागून धावत राहतो. पैठणीच्या जुन्या पद्धतीत दोऱ्याला पाठीमागून धावायची परवानगीच नाही. पोपटाचा हिरवा दोरा पोपटाच्या कडेपर्यंत जातो, तिथे शेजारच्या जरीच्या दोऱ्यात अडकतो आणि परत फिरतो. जरही तशीच आपल्या हद्दीतून परत. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी छोटी तिल्ली असते. पदर भरताना अशा कितीतरी तिल्ल्या मागावर लोंबत असतात, आणि एक आडवी ओळ भरायला विणकराला त्या सगळ्या एकेक करून बोटांनी सरकवाव्या लागतात. भरजरी पदर असला तर दिवसभरात इंच-दीड इंच काम होतं. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ही उलटी बाजू मिळत नाही.

इथून माझं वाचन सुरू झालं. मंडळी, मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. दिवसा लोकांच्या डेटाबेसमधल्या चुका शोधतो आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे घेतो. पण चुका शोधायची सवय इथे उपयोगी पडली. पैठणीबद्दल जिथे तिथे एक वाक्य सापडतं: दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राजधानीतून पैठणी रोमला जायची आणि तिच्या वजनाइतकं सोनं यायचं. वाचून छाती फुगते. मग मी मूळ मजकूर शोधला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन आहे. त्यात पैठण आहेच. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, असं तो सांगतो. पण पैठणहून गाड्या भरभरून काय येतं? तर अकीकासारखे रंगीत दगड. कापड येतं ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर असलेल्या तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. आणि तेही साधं आणि तलम सुती कापड. त्या यादीत रेशमी जरतारी साडीचा मागमूस नाही.

म्हणजे मराठवाड्यातलं कापड रोमच्या बाजारापर्यंत जात होतं हे खरं. ते आजची पैठणी होतं हे मात्र नंतर जोडलेलं. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. उलट तेरच्या त्या अनाम सुती विणकरांचं नाव कुणीच घेत नाही, याचंच वाईट वाटतं.

पैठणचं जरतारी कापड आपल्याला कागदोपत्री ठळक दिसतं ते बऱ्याच नंतर, पेशवाईत. माधवराव पेशव्यांनी तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी, गुलाबी अशा रंगांचे आसावली दुपट्टे मागवल्याच्या पत्राचा दाखला नेहमी दिला जातो. आसावली म्हणजे फुलांची वेल. हुजुरातून मागणी यायची, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जर वापरली जायची, आणि काळ कितीही लागो, पैसे मोजणारं कुणीतरी होतं. पुढे पैठण निजामाच्या मुलखात राहिलं. हैदराबादच्या घराण्याने पैठणी उचलून धरली. शेवटच्या निजामाची सून नीलोफर बेगम हिने काठापदरात नव्या नक्ष्या आणल्या असं सांगतात. ही नीलोफर मूळची इस्तंबूलची, तुर्कस्तानच्या उस्मानी राजघराण्यातली! आपण ज्याला शंभर टक्के मराठमोळं समजतो त्या पदरावर असे किती हात फिरलेत बघा. 'अशरफी', 'हुमा परिंदा' ही नक्ष्यांची नावंही काही देशावरच्या वाड्यातली वाटत नाहीत. शेजारच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूची कथाही अशीच सरमिसळीची आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

येवला मात्र इंग्रजांच्या मुलखात होतं. इतिहासाच्या पुस्तकात ते येतं तात्या टोपेंचं जन्मगाव म्हणून, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा जिथे केली ते गाव म्हणून. विणकर तिथे कसे आले? गावचे रघोजी नाईक यांनी बाहेरून विणकर आणि व्यापारी बोलावून, सवलती देऊन वसवले, असं येवलेकर सांगतात. साळी, कोष्टी, खत्री अशी घरं त्यातून स्थिरावली. जुन्या काळी पीतांबर आणि रेशमी कापड ही येवल्याची मोठी ओळख होती. पैठणीही होती, पण आज जशी गावाची पाटीच पैठणीची आहे, तसं नव्हतं.

मग उतरती कळा. १८१८ ला पेशवाई गेली आणि पुण्याची मागणी आटली. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ झाली. गिरणीने पैठणी बनवली नाही, पण रोजच्या लुगड्याचं गिऱ्हाईक नेलं, आणि रोजच्या लुगड्यावरच विणकराची चूल पेटत होती. पैठणी वर्षाकाठी दोन-तीन निघणार. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि पैठणची शेवटची मोठी हौशी गिऱ्हाइकंही संपली. नऊवारीची सहावारी झाली, जॉर्जेट आणि नायलॉन आलं. मागावरची पोरं दुसऱ्या कामाला लागली.

याच काळात जुन्या पैठण्यांचं काय झालं, हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

माझ्या पणजीची एक पैठणी होती. हिरवी, लाल काठाची, नऊवारी. मी ती पाहिलेली नाही. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव अचानक आकाशाला भिडला. त्यामागे टेक्सासचे हंट नावाचे दोन भाऊ होते, ज्यांनी जगभरातली चांदी विकत घ्यायचा सपाटा लावला होता, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. मार्चअखेर तो फुगा फुटलाही. पण तेवढ्यात आमच्या गावात जुनी जर विकत घेणारा माणूस सायकलवरून फिरून गेला होता. आजीने पैठणी काढून दिली. त्याने काठ आणि पदर उसवून तराजूत टाकला, बाकीचं रेशीम परत दिलं. त्या जरीचं पुढे काय होतं ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. ती जाळतात. रेशीम जळून जातं, खाली चांदी उरते, त्यात सोन्याचा अंश.

मी कॉलेजात असताना आजीला मोठ्या आवेशाने विचारलं होतं, "अगं, असं कसं विकलंस?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "घडीवर चिरली होती. नेसायची कुणी? त्या पैशातून कांद्याची चाळ उभी राहिली." त्याच चाळीतल्या कांद्यावर वडिलांनी माझी फी भरली. तेव्हा आजीवर रागवायचा मला काही अधिकार उरला नाही. महाराष्ट्रात अशा किती पैठण्या जळल्या असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

हे सगळं मी घरी जेवताना सांगत असे. मुलगी नववीत आहे. तिला शाळेत 'फास्ट फॅशन'वर प्रोजेक्ट होता. स्वस्त कपडे, दर दोन महिन्यांनी नवी फॅशन, आणि २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ कोसळलेली राणा प्लाझाची इमारत, जिच्याखाली अकराशेहून अधिक माणसं गेली. ती म्हणाली, "बाबा, मग पैठणी म्हणजे स्लो फॅशन. सस्टेनेबल." मी म्हटलं, शब्द चांगला आहे, पण चल, तुला आधी एक गाव दाखवतो.

आपल्यापैकी बरेचजण पॅटरसनवरून गाडी न थांबवता जातात. पिस्कॅटवेहून पाऊण तास. पसेइक नदीचा धबधबा ७७ फूट खाली कोसळतो, आणि ते पाणी बघूनच अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ साली इथे देशातलं पहिलं ठरवून वसवलेलं कारखान्यांचं गाव उभं करायचा बेत केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते 'सिल्क सिटी' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. रेशमाच्या गिरण्या, रिबिनी, रंगाची घरं. धबधब्याजवळच्या म्युझियममध्ये त्या काळातली यंत्रं ठेवली आहेत. मुलगी एका मागासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा एकटा चालतो?" मी म्हटलं, हो, आणि तीच तर भानगड झाली.

गिरणीत एक विणकर दोन माग सांभाळायचा. यंत्रं सुधारली तसे मालक म्हणू लागले, तीन सांभाळा, चार सांभाळा. कापड दुप्पट, विणकर निम्मे. फेब्रुवारी १९१३ मध्ये याविरुद्ध संप सुरू झाला. जवळपास तीनशे गिरण्या बंद पडल्या, सुमारे पंचवीस हजार माणसं रस्त्यावर आली. इटालियन, पोलिश, ज्यू, कालपरवा बोटीतून उतरलेली. आपल्यासारखीच, फक्त व्हिसाच्या कटकटीशिवाय. ७ जूनला त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपल्या संपाचं नाटक स्वतः रंगमंचावर उभं केलं. नाव झालं, पैसे मिळाले नाहीत. उन्हाळ्यात उपाशी पोटी संप मोडला. मालकांकडे पेनसिल्व्हेनियात दुसऱ्या गिरण्या होत्याच, तिथे खाणकामगारांच्या बायकामुली कमी पगारात मिळत. काम हळूहळू तिकडे सरकलं, मग रेयॉन आलं, मंदी आली, आणि 'सिल्क सिटी'त रेशीम उरलं नाही. आज तिथे बांगलादेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. ढाक्याच्या मलमलीच्या देशातली माणसं अमेरिकेच्या रेशमाच्या गावात राहतात. माझ्या मुलीने तेवढं वाक्य प्रोजेक्टमध्ये घेतलं, बाकीचं 'टू लाँग' म्हणून वगळलं.

काम बाहेर पाठवणं म्हणजे काय ते आपल्या धंद्यात कुणाला समजावून सांगायला नको. पण पॅटरसनमध्ये मला वेगळंच काहीतरी खटकलं. तिथला विणकर चार मागांमागे धावून संपला. येवल्याचा विणकर एका मागावर, इंच इंच विणत तगला. का? संथपणाने तर तो आधी मरायला हवा होता.

तो आपोआप तगलेला नाही, हे थोडं खोलात गेल्यावर दिसतं. १९७० च्या दशकात पैठणला मूठभर माग उरले होते. महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने तिथे पैठणीचं केंद्र सुरू केलं, नव्या मुलामुलींना विद्यावेतन देऊन शिकवलं. आज तिथे मागावर बसलेल्यांत बायका बऱ्याच दिसतात, ही त्या शिक्षणाचीच पुण्याई. १९८५ मध्ये केंद्र सरकारने काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. कायदा चांगला, अंमलबजावणी आपल्याकडे जशी असते तशी. मग २००४ मध्ये टीव्हीवर 'होम मिनिस्टर' आलं आणि संध्याकाळी घराघरात पैठणीचा मान निश्चित झाला. पैठणीचा इतिहास कुणी नीट लिहिला तर आदेश भावोजींना पेशव्यांच्या जवळपास कुठेतरी जागा द्यावी लागेल. मी गमतीने म्हणत नाही. हुजुरातली मागणी जे काम करायची तेच काम त्या कार्यक्रमाने केलं, फक्त गिऱ्हाईक हुजुरातून हॉलमध्ये आलं. २०१० च्या सुमारास पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज येवला आणि आसपासच्या नागडे, वडगाव, बल्हेगाव अशा गावांत घरोघरी माग आहेत.

आणि याच मागणीच्या पाठोपाठ आमच्या घरातली ती जांभळी साडीही आली. मागणी वाढली, हात तेवढे नव्हते, मग यंत्र पुढे आलं. दुकानात तिला 'सेमी पैठणी' म्हणतात. सेमी म्हणून विकली तर माझी काहीच हरकत नाही. मालेगाव आमच्याच जिल्ह्यात, तिथल्या यंत्रमागांवर हजारो घरं जगतात, यंत्राला शिव्या देणं मला परवडणार नाही. पण सेमीला अस्सल म्हणून विकलं की विणकराचे चार महिने एका झटक्यात महाग दिसू लागतात. मी स्वतःच त्या किमतीला भुललो होतो.

डिसेंबरच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा शाळेतल्या मित्राने एका विणकराच्या घरी नेलं. पुढच्या खोलीतच खड्ड्यातला माग. पाय खाली, पावड्यांवर. ताण्याखाली नक्षीचा कागद. काठावर मुनिया, म्हणजे पोपटांची रांग चालू होती. त्याची बायको रहाटावर रेशीम कांड्यांवर भरत होती. रेशीम बंगळूरचं, जर सुरतची. रंग आता रासायनिकच असतात, त्याने ते लपवलं नाही. मुलगी थोडी हिरमुसली, तिच्या प्रोजेक्टमध्ये पानाफुलांचे रंग होते. विणकराने तिला जवळ बसवून एक तिल्ली सरकवू दिली. तिला चार वेळा करूनही दोरा अडकवता आला नाही.

मी साडी बघितली, हिरवी, लाल काठाची, पणजीच्या साडीच्या वर्णनासारखी करून द्याल का विचारलं. तो ५५,००० म्हणाला. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "भाऊ, गाववाले आहोत, डॉलर बघून भाव लावू नका. पन्नास करा." तो लगेच "बरं" म्हणाला.

चहा झाल्यावर मी विचारलं, एरवी कसं असतं? म्हणाला, एरवी व्यापारी रेशीम-जर देतो, आम्ही मजुरी घेतो. अशा साडीचे ३०,००० मिळतात. लागतात चार महिने. महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे आठ तास. त्याने हिशेब सांगितला नाही, तो मी घरी गेल्यावर फोनवर केला, कारण टाइमशीट भरणं हा माझा धंदा आहे. ८३२ तास. तासाला ३६ रुपये. म्हणजे अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. आणि त्यात बायकोचं रेशीम भरणं, ताणा सांधणं धरलेलंच नाही. दोघांचे मिळून ३६. हे एका घरातले आकडे, दुसरीकडे कमी-जास्त असतील. पण मी ज्या ५,००० रुपयांची घासाघीस केली होती, त्यात ती दोघं त्या दराने १३९ तास बसली असती. तेवढे पैसे मी न्यूवर्कच्या विमानतळावर पार्किंगला दिले होते.

स्लो फॅशनबद्दल आपण बोलतो तेव्हा आपल्याला साडीचा संथपणा आवडतो. तो कुणाच्या तासांचा आहे हे त्या बोलण्यात येत नाही. पेशव्यांच्या वेळी तासांचा खर्च हुजुरातून येत होता, मग निजामाकडून, मग थोडाफार सरकारकडून. आणि कुणीच देत नव्हतं तेव्हा तो विणकराने आपल्या ताटातून दिला किंवा माग मोडून दिला. त्याचा मुलगा पुण्यात बीसीए करतोय. मी विचारलं, "तो बसणार का मागावर?" बाप हसला. "तुम्ही बसला का कांद्याच्या चाळीत?" मग त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडं तासाला किती मिळतात, भाऊ?" मी सांगितलं, पण निम्मेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो आणि ५५ ठरवले, अर्धे आगाऊ दिले, रेशमासाठी. बायको म्हणाली साठ दे, मी म्हटलं त्याला दया वाटेल. तिला ते पटलं नाही, मलाही नीट पटलं नव्हतं, पण त्याने सांगितलेली किंमत त्याला देणं एवढं तरी मला समजत होतं. काकूंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक, साडी आली की आधी उलटी करून बघ." आणि शिकवलं ते असं: पदराच्या पाठीला मोकळे दोरे नसावेत, काठाच्या नक्षीची कड दोन्हीकडून सारखी असावी, आणि कापडाच्या कडेला बारीक टोचल्याच्या खुणा असतील तर घाबरायचं नाही, मागावर कापड ताणून धरल्याच्या त्या खुणा. आपल्या मंडळातल्या ज्यांना यंदा भारतातून पैठणी आणायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि आणल्यावर घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी. कायम एकाच घडीवर राहिली की तिथेच चिरते.

आमची साडी फेब्रुवारीत मागावर चढली. दर आठ-दहा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, बाजूला मोजपट्टी ठेवून. मध्ये पंधरा दिवस फोटो आला नाही. मग कळलं की त्याची बायको तापाने पडली होती, कांड्या भरायला कुणी नव्हतं, माग बंद. माझ्या बायकोने उत्तरात "सावकाश होऊ द्या, घाई नाही" असं लिहिलं, मग ते खोडलं आणि नुसतं "वहिनींची तब्येत कशी आहे?" असं पाठवलं.

काल रात्री उत्तर आलं. आता बरी आहे. काठ पुढे सरकलाय, पण शेवटच्या चार पोपटांच्या चोची राहिल्यात, लाल रेशीम संपलं, सोमवारी येईल.